करणीचा खिळा
सुतारानं आमच्या अंगणात चौकटीसाठी फणसाचं लाकूड कापायला घेतलं आणि त्या गोडसर वासानं मला शाहूवाडीतल्या माझ्या सॉ मिलमध्ये नेऊन उभं केलं. जेमतेम दीड वर्ष चालली ती. बांधावरच्या जुन्या फणसाचा ओंडका निम्मा चिरून झाला होता, तेवढ्यात खण्णकन आवाज झाला आणि करवतीचं पातं तुटलं. खोडात खोलवर बोटाएवढा जाड खिळा होता. म्हातारा मिस्त्री चार पावलं मागं सरला. "मालक, करणीचा खिळा हाय ह्यो. उपसला की आत बांधलेलं सुटतंय." "असलं काय नसतंय," मी खेकसलो. त्यानं पक्कड माझ्याच हातात दिली, "मग तुम्हीच उपसा की." सगळे कामगार बघत होते. मी खिळा पक्कडीत धरला, पण हात काही हलेना. ओंडका पुढंही सरकेना, मागंही येईना. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री आला नाही, बाकीचे त्या ओंडक्याला शिवेनात. शेवटी तो तसाच करवतीत ठेवून मी मिलला कुलूप घातलं. आता कागलच्या एमआयडीसीत नोकरी करतो आणि भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यांत मोठ्यानं हसतो. मघाशी सुतारानं जुन्या चौकटीकडं बोट दाखवून पक्कड पुढं केली, "सायेब, तेवढा खिळा ओढा की." मी बायकोला हाक मारली.