चिनीमातीच्या पट्टीचा नाद

१९७६ साली सोलापुरात दाक्षायणीला चिनीमातीच्या पट्टीचा नाद लागला. कॉलेजात शिकायची ती. पट्टीला टिचकी मारायची, ती सेकंदाला किती वेळा थरथरते ते यंत्रावर मोजायचं, की तिचा ताठपणा नि लवचीकपणा कळतो म्हणे. चिनीमाती लवते, हेच तिच्या आईला, चन्नम्माला, पटेना.

उसनं आणलेलं यंत्र संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला परत जाणार, आणि पट्टी काही बोलेना. टिचकी मारली की नुसतं ठप्प!

डबा घेऊन कॉलेजात आलेली चन्नम्मा हसली. "चादरीवर कुणाला निजवलंयस गं? बाळाला व्हय?"

दाक्षायणी चमकली. पट्टी फुटू नये म्हणून तिनंच खाली जाड सोलापुरी चादर घातली होती. सगळा आवाज चादरच गिळत होती की!

"अव्वा, काढ ती!"

तिनं आईच्या डब्याला बांधलेल्या मागाच्या सुताचे दोन फास केले, टोकांपासून थोडं आत पट्टीला अडकवले आणि ती टांगली. टिचकी मारली. टिंग! यंत्रावर आकडा उमटला.

"मी मारू का एक?" म्हणत चन्नम्मानं आपल्या जड बोटानं टिचकी हाणली. आवाज मोठा झाला, आकडा मात्र तोच!

"तोच हाय अव्वा, तोच! टिचकी कशीबी मारली तरी तोच, म्हंजी बरोबर हाय!" दाक्षायणी नाचायचीच बाकी राहिली.

गाडीची वेळ झाली, तरी चन्नम्मा काही पट्टीपासून हलेना. "थांब की गं, अजून एक!"