चेटकिणीचा केस

भिंगकाकांना आयुष्यात तीनदा जबर धक्का बसला, आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं: एक केस. तोही खरा नाही, चित्रातला.

त्यांचं मूळ नाव आता त्यांच्या मुलीखेरीज कोणाच्या लक्षात असेल असं वाटत नाही. चौतीस वर्षं त्यांनी ब्लॉक तयार करणाऱ्या कारखान्यात डोळ्याला भिंग लावून काढली, आणि निवृत्त झाल्यावरही ते भिंग शर्टाच्या खिशातून हलवलं नाही. औषधाच्या बाटलीवरची तारीख, पेपरातला बारीक टाइप, भाजीवाल्याच्या पाटीवरचं अक्षर, सगळ्याला भिंग. तेव्हा नाव पडायचं ते पडलं.

आता ब्लॉक म्हणजे काय, हे आजच्या लोकांना सांगावं लागतं. पूर्वी चित्र छापायचं तर ते आधी मोठ्या कॅमेऱ्यापुढे काचेखाली दाबून त्याचा फोटो घेत. तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवत आणि पत्रा ॲसिडमध्ये ठेवत. रेघा तेवढ्या उंच राहत, बाकीचा भाग ॲसिड खाऊन टाकी. पण काचेवर धूळ असली, एखादा केस चिकटला असला, तर त्याचीही इमानेइतबारे रेघ उठायची. ही आगंतुक रेघ शोधून कोरणीने खरवडून काढायची, हे भिंगकाकांचं काम. केस ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची बायको हयात असताना म्हणायची, "ह्यांना जेवायला वाढताना मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

त्या कारखान्यात परीकथांची चित्रं काढणारे एक मोठे चित्रकार येत. मोठे म्हणजे असे, की त्या काळच्या प्रत्येक मुलाला राक्षस, पऱ्या, बोलणारी झाडं दिसली ती त्यांच्याच हातची. राक्षसाच्या चपलेचा तुटलेला अंगठा, परीच्या कोपराला लागलेलं खरचटणं, असलं काय काय ते काढत, आणि त्यामुळे खोटं जग खरं वाटे. स्वभावाने मात्र जमदग्नी. एका बुटक्याच्या बुटाला एक भोक कमी उठलं म्हणून त्यांनी आख्खा ब्लॉक परत करायला लावला होता. पांढरा रंग लावून चूक झाकणं त्यांना मंजूर नव्हतं. रेघ चुकली की कागद टराटरा फाडायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. आपलं चित्र ते कोणावर सोडून जात नसत. फोटो निघेपर्यंत बाकावर बसून राहत, मग चित्र काखोटीला मारून घरी. मालकांना त्यांचा वचक होता, मग कामगारांची काय कथा.

अशातच एका पुस्तकाचं काम आलं. त्यातल्या पानभर चित्रात एक चेटकीण रानातल्या वाटेने चालली होती आणि तिच्यामागे सात-आठ वर्षांची एक मुलगी. भिंगकाका पत्र्यावर वाकले. पांढऱ्याशुभ्र वाटेवर एक केस पडला होता. चांगला लांब, मध्ये किंचित पीळ घेतलेला, चेटकिणीच्या मुठीपाशी सुरू होऊन मुलीच्या घोट्याशी संपणारा. काकांनी मनात फोटोवाल्याला दोन शिव्या घातल्या, कोरणी घेतली आणि तो केस असा सफाईने उडवला की पत्र्यावर त्याची आठवणही राहू नये. त्या दिवशी ते स्वतःवर खूश होते.

पुस्तक छापून आलं. कामगारांना एकेक प्रत मिळाली. काकांनी ती घरी नेली आणि सहा वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन वाचायला लागले. वाचता वाचता ते एका वाक्यावर आले: मग चेटकिणीने आपल्या डोक्यातला एक लांब केस उपटला, मुलीच्या पायाला बांधला आणि तिला ओढत रानात नेलं.

शेजारच्या पानावर चित्र होतं. काकांच्या पायाखालची जमीन सरकली. मांडीवरची मुलगी पुस्तकात नाक खुपसून शोधत होती.

"बाबा, केस कुठंय?"

"आहे ना."

"मला दिसत नाही."

"फार बारीक आहे, म्हणून दिसत नाही."

तिने पुष्कळ वेळ पाहिलं आणि शेवटी निकाल दिला, "नाहीच्चे. ती आपली आपणच चाललीय."

त्यानंतरचे पंधरा दिवस काकांना अन्न गोड लागलं नाही. कारखान्याचं दार वाजलं की ते कोरणी खाली ठेवून तिकडे बघायचे. नोकरी जाणार याबद्दल त्यांना शंका नव्हती, प्रश्न फक्त कोणत्या वारी एवढाच होता. पंधरा दिवसांनी चित्रकार आले. नवी चित्रं त्यांनी मालकांपुढे ठेवली आणि म्हणाले, "ही इथेच राहू देत. ब्लॉक पुरा होईपर्यंत मूळ चित्र त्या भिंगवाल्यांच्या टेबलावर असलं पाहिजे."

मालकांना आनंद झाला. शेवटी एकदाचा आपल्यावर विश्वास बसला, असं ते जो भेटेल त्याला सांगत सुटले. काकांचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याच्या लक्षात आलेलं नाही, असं ते धरून चालले, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही.

पण गंमत अशी की चित्र गाजलं ते त्या नसलेल्या केसामुळेच. गोष्टीत मुलगी बांधलेली आणि चित्रात मोकळी. जाणकारांनी त्यावर लेख लिहिले. चित्रकाराने लेखकाच्या पुढे जाऊन केवढा विचार केला, म्हणाले. काका ते लेख भिंगातून वाचत आणि घडी घालून ठेवून देत. चित्रकारांनी कधी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. यथावकाश ते वारले.

आणि काकांची मुलगी शिक्षिका झाली, पुढे मुख्याध्यापिका. तिच्या खोलीत टेबलामागे ते चित्र टांगलेलं असे. घाबरून गप्प झालेलं मूल समोर आलं की ती त्याला म्हणायची, "ती बघ. तिच्या पायाला काही बांधलंय का? मग तिला वळता येईल की नाही?" तिची स्वतःची एक वाईट नोकरी, एक त्याहून वाईट लग्न, दोन्ही तिने हे चित्र पाहून सोडली, असं तीच सांगे. दर वेळी काका खिशातल्या भिंगाशी चाळा करत बसायचे.

यंदा चित्रकारांच्या जन्माचं शंभरावं वर्ष. गौरवाचा कार्यक्रम ठरला, आणि त्या चित्रावर बोलायला मुलीलाच बोलावणं आलं. आठवडाभर ती भाषण लिहीत होती. काकांना अभिमानच वाटत होता, पण कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, सांगायचंच राहिलं. त्यांच्या भाचीने ट्रंक उघडली. मूळ चित्रं पहिल्यांदाच मांडणार आहेत. आपलंही आहे त्यात."

काकांच्या हातातला कप तसाच राहिला. पन्नाशीची मुलगी समोर बसून कागदाला टाचण्या लावत होती, आणि तिला चार तासांनी शंभर लोकांसमोर कळणार होतं की तिच्या बापाने तिला आयुष्यभर एका चुकीवर उभं केलं. सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

"अगं..."

"काय?"

"काही नाही. मी पुढे होतो. तू ये सावकाश."

सभागृहात खुर्च्या लावणं चाललं होतं. भिंतीवर काचेच्या चौकटींची रांग होती. काका राक्षस, पऱ्या, झाडं ओलांडत सरळ त्या चित्राशी गेले आणि डोळे मिटून उभे राहिले. मग उघडले.

केस नव्हता.

काकांना आधी वाटलं, डोळे गेले. त्यांनी भिंग काढलं. चेटकिणीच्या मुठीपासून घोट्यापर्यंत वाटेचा रंग बाकीच्या कागदाहून जरा वेगळा होता. पांढरा रंग. बोटभर रुंद पट्टा, आता पिवळट पडलेला. आणि त्याच्याखाली, कोणाला दिसणार नाही इतकी फिकट, मध्ये किंचित पीळ घेतलेली शाईची रेघ. खाली समासात पेन्सिलने लिहिलं होतं: घोट्याला केस नाही. ब्लॉक बरोबर आहे. त्याखाली सही आणि तारीख. तारीख त्या पंधरा दिवसांतली होती.

काका खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं, नाहीतर जमिनीवरच बसले असते.

"बरं नाही का वाटत?" चित्रकारांची भाची जवळ आली. तीही सत्तरीची.

"इथे पांढरा रंग आहे," काका म्हणाले.

"तुमच्या लक्षात आला? मामांनी जन्मात कधी पांढरा लावला नाही. हे एकच चित्र. प्रकाशकाने मूळ चित्र मागवलं होतं, चूक कोणाची ते बघायला. कारखान्यातल्या माणसाला काढून टाका म्हणत होता. मामा म्हणाले, उद्या आणून देतो. त्या रात्री दिवा लावून या चित्रापुढे बसले. मामींना म्हणाले, मागे कारखान्यात बाकावर बसलो असताना तो माणूस डब्याच्या कागदावरची गोष्ट मुलीला वाचून दाखवायची म्हणून त्या कागदाची जपून घडी घालत होता. एका रेघेपायी त्याला घरी बसवू?"

काकांना आठवेना. तसं त्यांनी केलं असेलही. डब्याला गुंडाळलेल्या कागदावर गोष्ट छापलेली असली की ते ती मुलीसाठी घडी घालून ठेवत, हे खरं. पण बाकावरच्या त्या रागीट माणसाने ते पाहिलं होतं. चव्वेचाळीस वर्षं काका समजत होते की आपण निसटलो. त्या माणसाने स्वतःचं व्रत मोडून, स्वतःच्याच चित्राला रंग फासून आपल्याला निसटू दिलं होतं, आणि वर मूळ चित्रं टेबलावर ठेवून पुन्हा चूक होणार नाही हेही बघितलं होतं. काकांना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही.

मुलगी आली तेव्हा सभागृह भरत आलं होतं. आता गप्प राहिलं तरी चालणार होतं, कोणाला काही कळणार नव्हतं. काकांनी भिंग तिच्या हातात दिलं.

"आधी हे बघ. मग बोल."

तिने पाहिलं. खालची पेन्सिल वाचली. पुन्हा पाहिलं.

"तिथे केस होता," काका म्हणाले. "मी काढला."

"तुम्ही म्हणाला होतात, बारीक आहे म्हणून दिसत नाही."

"खोटं बोललो होतो."

तिने भिंग चेटकिणीच्या मुठीपासून मुलीच्या घोट्यापर्यंत नेलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे ती बांधलेलीच होती. आणि तुम्ही सोडवलीत."

हो म्हटलं असतं तर तिला पटलं असतं.

"नाही गं. मी कचरा समजून खरवडला. सोडवली त्यांनी."

व्यासपीठावरून तिचं नाव पुकारलं. तिने टाचण्या लावलेले कागद पर्समध्ये टाकले.

"चला. हे तुम्ही सांगायचं."

"मला नाही बोलता येत लोकांपुढे."

तिने आग्रह केला नाही, हातही धरला नाही. नुसती पुढे चालू लागली. काका क्षणभर उभे राहिले आणि मग तिच्यामागून गेले.