नाल्यात बुडवलेला कागद

सुनंदा गेली तेव्हा मी सातवीच्या वर्गात रंगांच्या बाटल्या वाटत होते. शिपाई दाराशी येऊन म्हणाला, "मॅडम, बोरसेबाईंच्या घरून फोन आहे." फोनवर तिचे यजमान होते. "वहिनी, सकाळी चहा घेता घेता खाली पडली... डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्तस्राव." मी एवढंच विचारलं, "गोळ्या घेत होती ना?" फोन ठेवताना मला तिचा इतका राग आला होता की रडूसुद्धा फुटलं नाही. रक्तदाबाची गोळी मी स्वतः हातावर ठेवायची, तर "घेते व माय, घेते" म्हणत ती पर्समध्ये टाकायची आणि कुठल्या तरी मुलाने आणलेला पाण्याचा नमुना तपासायला निघून जायची. साऱ्या गावाच्या पाण्याची काळजी हिला, आणि स्वतःची गोळी गिळायला घोटभर पाणी घ्यायला वेळ नाही!

ती अमळनेरकडची. यजमानांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून सिल्वासात आली. मी नाशिकची, मीही नवऱ्याच्याच नोकरीपायी इथे. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. दर महिन्याला कुठे ना कुठे नवी पत्र्याची शेड उभी राहत होती, आणि आमच्या मराठी वर्गांत धुळे-जळगावकडची, डहाणू-तलासरीकडची मुलं भरती होत होती. ती विज्ञान शिकवायची, मी चित्रकला. आमची ओळख झाली तीच भांडणातून. माझ्या वर्गातली नदीची चित्रं बघून ती सरळ म्हणाली, "बाई, सगळ्यांचं पाणी निळंच कसं हो? यांच्यातल्या एकाने तरी निळं पाणी पाहिलंय का?" मी म्हटलं, "तुमचं विज्ञान तुमच्या वर्गात ठेवा." दुसऱ्या दिवशी ती आठवीच्या मुलांना घेऊन माझ्याच वर्गात आली. म्हणाली, आपण दोघी मिळून वर्षभर पाणीच शिकवू.

आणि खरंच शिकवलं. मुलं आपापल्या घरचं पाणी आणायची. कुणी विहिरीचं, कुणी हातपंपाचं, कुणी दमणगंगेचं. साबणाला फेस किती येतो, आटवल्यावर वाटीच्या तळाशी काय उरतं, हे बघायची. घरी पाणी कोण भरतं, भांडी धुतलेलं पाणी पुढे कशाला वापरतात, हे आईला विचारून यायची आणि वर्गात सांगायची. एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडे बाबा आंघोळ करतात ते पाणी आई फरशीला घेते." सगळे हसले, तशी सुनंदा म्हणाली, "हसता काय? या वर्गातली सर्वांत हुशार बाई त्याच्या घरी आहे." मग माझ्या तासाला मुलं रंगवायला बसत, ती आणलेलं पाणी समोर ठेवून. माझ्या वर्गात पहिल्यांदा पाण्याला मातकट, शेवाळी, राखी असे रंग आले. माझा अहंकार दुखावला, पण चित्रं चांगली होती, हे मला कबूल करावंच लागलं.

नरोलीला भाड्याच्या खोल्यांत राहणारी कल्पना नावाची मुलगी त्या वर्गात होती. वडील कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. तिने एक दिवस काहीच रंगवलं नाही. खोल्यांमागच्या नाल्यात ड्रॉइंग पेपरची लांब पट्टी बुडवून, वाळवून ती घेऊन आली. कागद जांभळट झाला होता, कडेला पिवळी किनार. "बाई, रंग लावला नाही मी," ती घाबरत म्हणाली, "तो आपोआप लागला." सुनंदाने तो कागद कितीतरी वेळ हातात धरला होता.

प्रदर्शनात तो मधोमध टांगला. पाहुणे म्हणून एक कारखानदार येणार होते, ते शाळेला थंड पाण्याचं यंत्र देणार होते. आदल्या दिवशी मुख्याध्यापक फेरी मारायला आले आणि कागदापाशी थांबले.

"हे चित्र काढा."

"सर, यात चित्र कुठे आहे? कोरा कागद आहे," सुनंदा म्हणाली.

"बाई, शहाणपणा नको. काढा म्हणतो ना."

"मी नाही काढणार. तुम्हाला काढायचा असेल तर मुलांसमोर काढा."

ते पाय आपटत गेले. मला वाटलं, जिंकलो. पण संध्याकाळी कल्पनाचे वडील आले. ड्यूटीवरून तसेच आलेले, नखांत रंग. त्यांनी बसायलाही नकार दिला. "बाई, आज सुपरवायझरनी बोलावलं होतं मला. तुझी पोरगी शाळेत काय नाटक करते, बोलला. कोणी सांगितलं त्याला, माहीत नाही... बाई, मी गावी काय तोंड घेऊन जाऊ? नोकरी गेली तर खोली पण जाईल." मग हात जोडून म्हणाले, "पाणी खराब आहे, ते मला पण दिसतं ना. पण कागद काढून टाका."

सुनंदा स्टुलावर चढली आणि तिने स्वतःच्या हाताने कागद उतरवला. गुंडाळी करून त्यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, पाहुण्यांनी पाण्याच्या बचतीवर भाषण केलं. कल्पना शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली होती. परत जाताना सुनंदा मला म्हणाली, "साहेबाला 'नाही' म्हणता येतं गं. त्या माणसाला कसं नाही म्हणू?"

त्यानंतर ती त्या नाल्याबद्दल सरकारी कार्यालयात अर्ज करत राहिली. एकदा जीपमधून माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली. उत्तर आलं नाही. ती विचारायला गेली की, "साहेब दौऱ्यावर आहेत." पुढच्या वर्षी तिने पुन्हा आठवीला पाणीच शिकवलं, त्याच्या पुढच्याही वर्षी. मी थकले. "पुरे आता, प्रकाश शिकव, चुंबक शिकव," असं मी म्हणायची. ती ऐकायची नाही. कल्पनाचं कुटुंब दहावीच्या आधीच गावी परतलं, पुढे तिचं काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नाही. नाला आजही आहे. मी मागच्याच आठवड्यात पाहून आले. रंग बदललाय, इतकंच.

शोकसभेत व्यासपीठावर प्रत्येक पाहुण्यासमोर सीलबंद पाण्याची बाटली होती. निवृत्त झालेले ते मुख्याध्यापक मुद्दाम आले होते. "बोरसेबाई थोर पर्यावरणप्रेमी होत्या," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच दाटून आला. मला हेच सहन होत नाही. ते खोटं बोलत असते तर सोपं होतं. तिच्या नावाने आता 'पाणी वाचवा' अशी पोस्टर स्पर्धा घ्यायची ठरली आहे. परीक्षक मी. परवा गठ्ठा आला. डोळे आणि हात असलेले, हसणारे थेंब. सगळे निळे. मुलांचा काय दोष? त्यांना आणखी काही दाखवणारं कोणी उरलेलं नाही. मी आहे खरी, पण माझ्यात तिचा हट्ट नाही.

गठ्ठा बाजूला ठेवून मी डोकमर्डीला तिच्या घरी गेले. तिच्या यजमानांनी, भाऊंनी, दार उघडलं. स्वयंपाकघर तिने ठेवलं तसंच होतं, माठावर फडकं बांधलेलं. त्यांनी दोन पेल्यांत पाणी आणलं. काचेचे पेले. त्या घरात स्टीलच्या पेल्यातून पाणी कधीच मिळायचं नाही. मी पेला घेतला आणि नकळत खिडकीच्या उजेडात धरला. मान वळवली तर भाऊंनीही आपला पेला तसाच धरलेला. आम्ही दोघं तसेच उभे... दोघांनाही हसू आलं, मग ते विरलं.

"स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतंय खरं."

"ती असती तर एवढ्यावर सोडलं नसतं."

"नसतं सोडलं."

पण बाहेर ऊन होतं आणि मी चालत आले होते. आम्ही पाणी प्यालो.