कोर्टवर फोडलेला नारळ

राष्ट्रीय व्हॉलीबॉल संघाचं आमचं शिबिर तेव्हा कोथरूडच्या एका हॉलमध्ये होतं. परदेशातली स्पर्धा तोंडावर आली होती आणि नेटवर स्मॅश अडवायचा आमचा ब्लॉक अजून जमत नव्हता. अशात एका सकाळी सराव थांबवायला लावला, कारण इथले एक नेते आम्हाला शुभेच्छा द्यायला येणार होते. घामेजलेल्या कपड्यांत आम्ही ओळीने ताटकळत उभ्या राहिलो. ते आले आणि बुटांसकट कोर्टवर चढले. आमच्या अंगावर शाली घालताना म्हणाले, "एवढ्या उंच मुलींना नवरे कुठून आणायचे?" बरोबरची माणसं मनापासून हसली.

मग त्यांनी नेटच्या खांबाला हार घातला आणि कोणी अडवायच्या आत खाली लाकडी फ्लोअरवरच नारळ फोडला. पाणी थेट नेटपासून तीन मीटरवरच्या रेषेपर्यंत गेलं.

"अहो, इथे मुली उड्या मारतात. घसरल्या तर गुडघा जाईल," आमच्या कोच मॅडम म्हणाल्या.

"शुभ असतं मॅडम," असं म्हणून ते फोटोसाठी वळले.

ती मंडळी गेल्यावर पुसायला एक फडकं मिळेना. मॅडमनी खांद्यावरची सत्काराची शाल काढून त्या पाण्यावर टाकली. आम्हीही टाकल्या. पण त्या चकचकीत शाली पाणी टिपतच नव्हत्या, नुसत्या इकडून तिकडे सारत होत्या. शेवटी घरून आणलेल्या टॉवेलांनी आम्ही गुडघ्यांवर बसून कोर्ट कोरडं केलं. शाली मॅडमनी पायपुसणं म्हणून दाराशी टाकायला लावल्या.

त्या कामालाही त्या नालायक निघाल्या.