सुरुंग उडताना आत की बाहेर? नांदेड-लातूरची एक फेरी

मे महिन्यात लोक महाबळेश्वरला जातात. मी लातूरला गेले, स्फोट बघायला. दचकू नका, माझं पोटापाण्याचं कामच ते आहे. पुण्यात एसीत बसून कॉम्प्युटरवर स्फोट घडवायचे, त्यातून निघालेली दाबाची लाट भिंतीवर किती जोरात आदळेल याचं गणित मांडायचं आणि भिंत टिकेल की नाही ते सांगायचं. इतके धमाके केले, पण खरा एकही कानांनी ऐकला नव्हता. तेवढ्यात लातूरहून सुमनमावशीचा फोन आला. शहराबाहेर तिचं मुलींचं होस्टेल आहे, डॉक्टर व्हायला निघालेल्या क्लासच्या पोरींचं.

"शेजारी खदान सुरू झाली बघ. सुरुंग उडला की खिडक्या लई थडथडतात. पोरींचे घरचे विचारायलेत, बिल्डिंग पक्की हाय का? तू येऊन बघ."

आधी नांदेडला माहेरी एक दिवस टेकले. गुरुद्वाऱ्यातलं लंगर चुकवू नका, दाल-रोटी खाऊन माणूस तृप्त होतो. सकाळी लालपरी पकडली, लोहा, अहमदपूर, चाकूर करत तीन-साडेतीन तासांत लातूर. बायकांना हाफ तिकीट, त्यामुळे शेजारचे काका माझ्याकडे जरा रागानेच बघत होते. अहमदपूरच्या स्टँडवर गरम भजी मिळतात. उन्हाळ्यात पाण्याची बाटली मात्र घरूनच भरून न्या.

लातूरभर क्लासचे फलक, प्रत्येकावर पहिल्या आलेल्यांचे फोटो. होस्टेलवर पोचले तेव्हा मावशी अंगणात कुरडया वाळवत होती. कापड उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड. दगड ताजे फुटलेले, धारदार कडांचे.

"हे कुठून आणलेस?"

"आणायचे कशाला? अंगणातच पडून असतात."

मी एक दगड उचलून बघितला. खदानीतून उडालेल्या कपच्या होत्या त्या, एकेक मुठीएवढी.

दुपारी खदानीचा भोंगा वाजला. मी गच्चीच्या कठड्यावर दाब मोजायचं यंत्र लावून बसले होते. खाली बघते तर सगळं होस्टेल पुस्तकं टाकून अंगणात, आणि मावशी एकेकीला मोजतेय. मी वरून ओरडले, "आत जा गं!" कुणी हललं नाही. मग धप्प झालं. छाती आतून कुणी ढकलल्यासारखी वाटली, काचा वाजल्या आणि मोरीच्या पत्र्यावर काहीतरी खणखणलं. पोरी शांतपणे परत अभ्यासाला गेल्या. भूकंपापासून मावशीची शिस्तच तशी होती, जमीन हलली की बाहेर.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला निलंगा राईस (खाच!) आणि मग कामाला सुरुवात. यंत्राचे आकडे, इमारतीची मापं, खदानीचं अंतर घालून मॉडेल चालवलं. पडद्यावर लाट भिंतीवर आदळून कोपऱ्यावरून वळताना बघायला पोरी गोळा झाल्या. मी उत्साहाने सांगितलं, ही लाट आधी ढकलते आणि मग ओढते, म्हणून काच कधीकधी बाहेरच्या बाजूला पडते.

"मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"नाही."

"मग जाऊ द्या."

उत्तर स्पष्ट होतं. कॉलम-बीम भक्कम, कच्च्या फक्त खदानीकडच्या काचा. फुटल्या तरी तुकडे उडू नयेत म्हणून त्यांना फिल्म लावायची आणि भोंगा झाला की पोरींनी मधल्या पॅसेजमध्ये बसायचं. सगळ्यात धोक्याची जागा अंगण. भूकंप खालून हलवतो, त्यात डोक्यावरचं वजन वैरी. सुरुंगाच्या वेळी तीच जड भिंत आणि स्लॅब आपली ढाल.

मावशीने सगळं ऐकलं. "तुझ्या त्या मॉडेलात माझी सोनू हाय का?"

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या रात्री मावशी उकडतंय म्हणून गावच्या घराच्या अंगणात झोपली होती. तिची पाच वर्षांची लेक सोनू आत होती. दगडमातीची भिंत पडली आणि दार आतून उघडलंच नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी तिला ढालीबिलीचं शिकवत बसले होते. फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा मी एकटीच पॅसेजमध्ये जाऊन बसले. पोरी अंगणात, मावशीच्या तोंडाकडे बघत. मावशीने पोरींना एकदा मोजलं, मग ओरडली, "जा, ताईपाशी बसा!" पोरी धावत आत आल्या. ती आली नाही. मी उठून हाताला धरून ओढलं तेव्हा दारापर्यंत आली आणि चौकट घट्ट धरून उभी राहिली. धमाका झाला. ती पूर्ण वेळ वर स्लॅबकडे बघत होती.

पुण्यात परतून आठवडा झाला. मावशीने बांधून दिलेली शेंगाचटणी संपत आली. काल मावशीचा फोन आला, काचांना फिल्म लागली, पोरी आता आपणहून पॅसेजमध्ये बसतात.

"आणि तू?"

"मी दार उघडं धरून उभी ऱ्हाते. मिटलं तर?"

माझं सगळं गणित दार बंद धरून केलेलं होतं. मॉडेल पुन्हा उघडलं, दार सताड उघडं ठेवून चालवलं. आत शिरणारा दाब वाढला, पण इजा होण्याइतका नाही. लगेच मावशीला फोन केला. "दार उघडं राहू दे. फक्त तू उंबऱ्याच्या आत उभी राहा."

 ती म्हणाली, "हाव. आत ऱ्हाते. पण दार मीच धरणार."