बरडीचं बारसं

आमच्या लातुरात चौकाचौकांत हसऱ्या लेकरांचे फलक लागतात, आणि लेकरांच्या वर, त्यांच्या मार्कांच्याही वर, क्लासच्या मालकाचा फोटो असतो. अशाच एका क्लासमध्ये विशाखा जीवशास्त्र शिकवायची. माझ्या घराच्या वरच्या खोलीत ती राहते. अंगानं काडी, पण आवाज असा की शेवटच्या रांगेला डुलकी घेऊ देणार नाही. मी उभा जन्म रंगभूमीवर घालवला, आवाजातलं मला कळतं. पहिल्याच दिवशी म्हटलं, "बाई, तू चुकून मास्तरीण झालीस."

"चुकून नाही मावशी, पोटासाठी. जीव किड्यांत आहे."

तिची आत्या तुळजाबाई हिमायतनगरकडे शेती करते. तिच्या रानातल्या पळसावर विशाखाला एक किडा सापडला. रातकिड्याचा लांबचा भाऊबंद म्हणा. पंख नाहीत, मिशा अंगाच्या कितीतरी पट लांब. तोंडातून रेशमासारखा धागा काढून हा पळसाचं पान दुमडतो, कडा शिवून टाकतो आणि दिवसभर आत झोपतो. डिवचलं तर पळत नाही. अंग उभारतो, जबडा फाकवतो आणि मांड्या पोटावर घासून कर्र कर्र करतो. आमच्या नाटक कंपनीत विंगेमागे दोन ठोकळ्यांना सँडपेपर लावून आम्ही आगगाडी काढायचो, हुबेहूब तोच आवाज. एवढासा जीव, पण एन्ट्री घ्यावी तर अशी! मी चक्क टाळी वाजवली.

ही जात आजवर कुणीच नोंदलेली नव्हती. पण विशाखाकडे फक्त माद्या होत्या. या किड्यांत दोन जातींतला फरक मुख्यतः नराच्या पोटाच्या टोकाशी दिसतो, म्हणून पूर्ण वाढलेला नर मिळाल्याशिवाय नव्या जातीचं वर्णन कुणी छापलं नसतं. दिवाळीनंतर तो मिळाला, तुळजाबाईंच्या बरडात. बरड म्हणजे खडकाळ, पाणी न धरणारा तुकडा. नवरा गेल्यावर बाई माहेरी आल्या तेव्हा भावांनी त्यांना मुद्दाम हाच तुकडा दिला. कंटाळून निघून जाईल, असा अंदाज. बाई गेल्या नाहीत. त्या भावांपैकी एक विशाखाचा बाप.

नव्या जातीला नाव शोधणाऱ्यानं द्यायचं असतं, हे क्लासचे मालक वीरभद्र सर यांना कळलं आणि त्यांनी विशाखाला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, सुट्ट्या आम्ही दिल्या. सूक्ष्मदर्शक बी आमचंच हाय. नाव ठेवा 'वीरभद्री'."

"सर, नावाचा मी अजून विचार केला नाही."

"आम्ही केलाय. फलक छापायला टाकलाय."

आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत. रविवारी फोटोवाल्याला घेऊन थेट रानात आले. मी तुळजाबाईंच्या बाजेवर बसून शेंगा फोडत होते. विशाखानं पानाची शिवण हळूच उसवली.

"इकडं द्या, माझ्या तळव्यावर."

"सर, चावतो तो."

"अवो, वाघ हाय का?"

नर तळव्यावर आला, अंग उभारून कर्र कर्र करू लागला. सर कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. पुढच्या क्षणी त्यांनी जी किंकाळी फोडली, तशी आमच्या कंपनीतल्या खलनायकाला मरतानाही कधी जमली नव्हती. हात झटकला गेला आणि नर गवतात दिसेनासा झाला.

विशाखा गुडघ्यांवर बसून गवत चाळू लागली. सर बोट चोखत म्हणाले, "जाऊ द्या, दुसरा आणा. नाव तेच राहील."

"दुसरा आणीन सर. नाव ते राहणार नाही."

"मग उद्यापासून क्लासला येऊ नका."

"नाही येत."

अर्ध्या श्वासाचाही विराम नाही! गाडीची धूळ खाली बसल्यावर मी तिला म्हटलं, "वरची खोली तुझीच आहे, पोरी. ती कुठं जात नाही." पण तिचं लक्ष त्या पानाकडं होतं. हे किडे वास काढत आपल्याच घरी परततात असं तिनं वाचलं होतं. तिनं पान होतं तसं मिटवलं, फांदीला लाल दोरा बांधला आणि आम्ही तिथंच मुक्काम केला.

सकाळी पानाच्या कडा पुन्हा शिवलेल्या होत्या. तिनं बोटानं टिचकी मारली. आतून उत्तर आलं: कर्र!

विशाखा रडली, हसली, मग पान घेऊन आत्यापुढं बसली. "आत्या, नाव ठेवायचा मान तुझा."

"किड्याचं बारसं? येडी झालीस का?" पण बाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि वाकल्या. "याचा कान कुठं हाय?"

"याला कान नसतात आत्या. जमिनीची थरथर तेवढी पायांना कळते."

"म्हंजी कोणाचंच ऐकत न्हाई! आपल्या घरचाच हाय मंग." त्यांनी पानाला तोंड लावून कुर्रर्र केलं. "बरडी म्हण. भावांनी हसत हसत दिलेलं बरड हाय हे. मोठ्या अक्षरात छापायला सांग. अन तुझ्या बापाला बी दाखव."

मग नराला स्पिरिटच्या बाटलीत जावं लागलं. नमुना ठेवल्याशिवाय जात नोंदवत नाहीत. विशाखानं ते स्वतःच्या हातानं केलं.

इकडं चौकात फलक लागलाच: 'आमच्या मॅडमचा शोध, वीरभद्री'. सर पुरुषभर उंच, किडा त्यांच्या बुटापाशी. क्लास सुटायच्या वेळी विशाखा त्या फलकाखाली जाऊन उभी राहिली आणि तिनं तो आवाज लावला. "पोरांनो! वीरभद्री नावाचा जीव पृथ्वीवर नाही. परीक्षेत लिहू नका, मार्क जातील!" रिक्षावाल्यांनीसुद्धा गाड्या थांबवून ऐकलं.

आता ती माझ्या तालमीच्या खोलीत शिकवते. क्लास सुरू करायला कंपनीची जुनी घंटा देते. वर्णन यंदा छापून आलं. नाव बरडी, ठिकाण हिमायतनगर, तुळजाबाईंचं रान. बापानं ते वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं.

परवा भाजी घेताना वीरभद्र सर समोर आले. "मॅडम, झालं गेलं सोडा. पुढं एखादी जात सापडली, तर आमचं काही..."

विशाखानं मेथीची जुडी पिशवीत टाकली. "आत्याला विचारा, सर. बरडातच असते ती."