सतराव्या ओळीचा हुरडा

नांदूरघाटच्या शाळेत मी मास्तर म्हणून आलो, त्या पहिल्याच सकाळी नागोराव आप्पा मला ओढ्याकाठच्या खोलगट वावरात दिसले. घोंगडी पांघरून ते ज्वारीच्या ओळींत ओणवे झाले होते. थंडी जोखायला जागोजागी पाण्यानं भरलेले मातीचे उथळ परळ मांडलेले. "मास्तर, गार हवा हितं साचती," ते म्हणाले. "हितं जी तगंल, ती कुटंबी तगंल."

आप्पा यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांच्या गौरव अंकात लिहिण्याचा मान आपण गावकऱ्यांनी मला दिलात. अहो, द्यायला नको होता.

आप्पांच्या तरुणपणी शाळू फुलोऱ्यात असताना कडाक्याची थंडी पडली आणि कणसांत दाणाच भरला नाही. त्या साली त्यांची थोरली बहीण पोराबाळांसह पोट भरायला गोदेकाठी, गंगथडीला गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून थंडीत दाणा धरणारी ज्वारी शोधायचा त्यांनी ध्यास घेतला. शिरूर कासारचा बाजार असो की नारायणगडाची जत्रा, जातील तिथून मूठभर बी आणत आणि प्रत्येकाची एकेक ओळ पेरत. गावानं वेड्यात काढलं, तरी आप्पांनी कुणाला उणा शब्द ऐकवला नाही. मी तापानं फणफणलो, तर त्यांनी आठ दिवस घरून आंबील आणून पाजली.

एका हिवाळ्यात परळांवर बर्फाची पापडी धरली. गावभरची कणसं पोचट राहिली; आप्पांची सतरावी ओळ तेवढी भरली. जत्रेतल्या कोणा वाटसरूनं दिलेलं ते बी. होतं तेवढं सगळं पेरलेलं, आणि वाटसरूचा ठावठिकाणा कुणालाच ठाऊक नाही. "मास्तर, हीच ती! वाळू द्या, मग बी धरू," म्हणत आप्पा अक्षरशः रडले. ओळ माझ्यावर सोपवून ते नारायणगडाला नारळ फोडायला गेले.

नेमके त्याच दिवशी निजामाचे तालुकदारसाहेब दौऱ्यावर आले. "हुरडा न्हाई दिला तर गावाची लई नाचक्की हाय," पाटील म्हणाले. मला वाटलं, साहेबांनी हे दाणे खाल्ले की आप्पांचं नाव थेट हैदराबादेत पोचेल. काय माझी अक्कल! मी स्वतःच्या हातानं कणसं खुडून दिली. पंगत वाढत गेली आणि ओळ संपली. साहेब "बहोत खूब" म्हणाले आणि घोड्यावर बसले. आप्पांचं नाव त्यांनी विचारलंही नाही.

आप्पा परतले. ज्वारीच्या बोडक्या ताटांवरून हात फिरवत ओळीच्या टोकापर्यंत गेले.

"असं कावून केलं, मास्तर?"

मी साहेबांच्या पंगतीचं सांगितलं. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "जेवलाव का तुमी?"

त्यानंतर तसा दाणा पुन्हा दिसला नाही. आता आप्पांची नजर गेली आहे. कणसं ते बोटांनी चाचपतात आणि सोडून देतात.

आप्पा, तुम्ही शंभर वर्षं जगा, धडधाकट जगा. यंदाही ओढ्याकाठी परळ मी मांडले आहेत. ते भरलेलं कणीस तुमच्या हातात परत द्यायचं आहे, आणि ते मला सापडेल असं आता वाटत नाही.